नेवाळीचा युद्धकालीन विमानतळ : आगम आणि भोग

१. विषयप्रवेश

या त्रैमासिकाच्या वाचकांस ताम्रपट, सनदा, महजर व कैफियती यांचा सराव आहे. त्यांच्यापुढें अवघ्या ऐंशी वर्षांपूर्वींच्या एका विमानतळाची हकीकत ठेवणें कांहींसें धाडसाचें होय. परंतु ज्या प्रश्नाच्या उत्तरासाठीं आपण ताम्रपट वाचतों, तोच प्रश्न या विमानतळाच्या मातींत पुरलेला आहे. ही भूमि कोणीं दिली, कोणास दिली, कोणत्या सीमांनीं दिली आणि किती काळापर्यंत दिली, हीं चार कलमें ताम्रपटाचा लेखक सहसा चुकवीत नाहीं. दात्याची वंशावळ, प्रतिग्रहीत्याचें गोत्र, चारी दिशांचे आघाट, आणि शेवटीं चंद्रसूर्य असेपर्यंतची मुदत, असा त्याचा क्रम ठरलेला असतो. नेवाळीच्या जमिनीचें प्रकरण इ. स. १९४२-४३ मधील. त्यांतील चौथ्या कलमाविषयीं, म्हणजे मुदतीविषयीं, वाद पडला; आणि तो वाद ता. २२ जून २०१७ रोजीं रस्त्यावर येऊन त्यांत गांवकरी व पोलीस दोघेही जखमी झाले.

प्रस्तुत लेख कोणत्याही पक्षाच्या वकिलीसाठीं लिहिलेला नाहीं. या वादांत कोणता कागद निर्णायक ठरतो, तो कसा ओळखावा, आणि त्याच्या जतनाच्या कामीं आपल्यासारख्या कागद जमविणाऱ्या मंडळींचें कर्तव्य काय, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

२. स्थळ

कल्याणाहून दक्षिणेस मलंगगडाकडे जाणारा रस्ता आणि काटईहून अंबरनाथ-बदलापुराकडे जाणारा रस्ता हे जेथें एकमेकांस छेदतात, त्यास नेवाळी नाका म्हणतात. येथून उल्हासनगर ईशान्येस, अंबरनाथ पूर्वेस व बदलापूर त्याच्याही पलीकडे आहे. दक्षिणेस मलंगगडाचा सुळका दिसतो. मधला मुलूख भातखाचरांचा व बराचसा सपाट आहे.

हा प्रांत इतिहासाला नवा नाहीं. कल्याणच्या दात्यांचीं नांवें कान्हेरीच्या लेण्यांतील लेखांत आढळतात. इ. स. १७८० मध्यें मराठे व इंग्रज यांच्यांत मलंगगडासाठीं झुंज झाली. पूर्वेकडील अंबरनाथाचें शिवालय तर सर्वांस ठाऊकच आहे. त्या देवालयाच्या शिलालेखाचें एक प्रकरण येथें मुद्दाम आठवून ठेवावें, कारण पुढें त्याचा उपयोग होणार आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं त्या लेखांतील शक ७८२ असा वाचला होता. पुढें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तो लेख पुन्हां तपासून शक ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असा निर्णय केला, आणि शिलाहार मम्वाणिराजाच्या काळाशीं तो जुळला. एका अंकाच्या वाचनानें देऊळ दोनशें वर्षें मागें गेलें होतें. मूळ दगडाकडे परत गेल्यावर तें आपल्या जागीं आलें.

३. युद्धकाल

इ. स. १९४२ च्या आरंभीं पूर्वेकडील युद्ध हिंदुस्थानच्या दाराशीं आलें. ता. १५ फेब्रुवारीस सिंगापूर पडलें, ता. ८ मार्चला रंगून गेलें, ता. ५ एप्रिलला जपानी विमानांनीं कोलंबोवर हल्ला केला, आणि दुसऱ्याच दिवशीं विशाखापट्टण व काकिनाडा येथें बाँब पडले. हिंदुस्थानांत त्या वेळीं युद्धोपयोगी विमानतळ अत्यंत थोडे होते. त्यामुळें दोनशेंहून अधिक विमानतळ बांधण्याची योजना सरकारनें हातीं घेतली. खडी, सिमेंट, मजूर व जमीन यांची एकाच वेळीं सर्व प्रांतांत ओढ लागली.

कल्याणच्या आसपासची जागा या कामास सोयीची होती. मुंबई बंदर जवळ, परंतु समुद्रावरून होणाऱ्या तोफांच्या माऱ्याबाहेर. कल्याण हें रेल्वेचें मोठें संगमस्थान. आणि जमीन सपाट. याच प्रदेशांत लष्कराची मोठी छावणी उभी राहिली. तिला लोक कल्याण कॅम्प म्हणत. ६,००० शिपाई व ३०,००० इतर लोक यांच्या सोयीची ही छावणी असून तिच्यांत २,१२६ बराकी होत्या. छावणीच्या दक्षिणेकडील नेवाळी व भोंवतालच्या गांवांचीं शेतें विमानतळासाठीं घेण्यांत आलीं. भाल, द्वारली इत्यादि गांवांचीं नांवें या प्रकरणांत वारंवार येतात. एकूण क्षेत्र सोळाशें एकरांहून अधिक सांगितलें जातें.

त्या काळच्या ब्रिटिश हवाईदलाच्या ठराविक नमुन्यांत मुख्य धावपट्टी २,००० यार्ड लांब व ५० यार्ड रुंद असे, आणि तिला तिरप्या छेदणाऱ्या आंखूड पट्ट्या असत. त्या काळच्या विमानांस बाजूचा वारा सोसत नसे; म्हणून वारा फिरला कीं पट्टी बदलावयाची, असा हा हिशेब होता. अशा मैदानास पट्ट्यांपेक्षां भोंवतालची मोकळी जागा कितीतरी पटींनीं अधिक लागते. झाडें नकोत, बांध नकोत, उंच घरें नकोत. विमानतळासाठीं धावपट्टीच्या रुंदीपुरतीच जमीन न जातां गांवेंच्या गांवें कां गुंतलीं, याचें कारण यांत आहे. युद्ध संपल्यावर पट्ट्या पडून राहिल्या, आणि भोंवतालच्या मोकळ्या भुईंत पूर्वींचे शेतकरी पुन्हां नांगर घालूं लागले.

४. एकाच युद्धाचीं निरनिराळीं अपत्यें

युद्धकाळांत घेतलेल्या जागांचें पुढें काय झालें, हें पाहूं गेल्यास गती एक दिसत नाहीं. नेवाळीच्या शेजारची छावणीच घ्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांस तेथील बराकींत आसरा मिळाला, आणि ता. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्तें त्या वसाहतीस उल्हासनगर हें नांव मिळालें. लष्कराच्या तात्पुरत्या बराकींतून कायमचें शहर झालें. ‘कॅम्प नंबर’ हे शब्द मात्र लोकांच्या बोलण्यांत अद्याप टिकून आहेत. सांताक्रूझ येथें युद्धकाळीं ब्रिटिश हवाईदलाचा तळ होता. त्याचा पुढें मुंबईचा मोठा नागरी विमानतळ झाला, आणि जुहूचें जुनें मैदान, जेथें ता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जहांगीर टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले होते, तें लहान विमानांकडे व हेलिकॉप्टरांकडे राहिलें.

तिसरी गती गोंदियाजवळच्या बिर्सीची. तेथील मैदान इंग्रज सरकारनें दुसऱ्या महायुद्धाच्या वेळीं, इ. स. १९४० च्या सुमारास बांधलें. सार्वजनिक बांधकाम खात्याकडून तें ऑगस्ट १९९८ मध्यें महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाकडे आणि डिसेंबर २००५ मध्यें भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आलें. नंतर तेथें वैमानिक तयार करणारी राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था निघाली. युद्धासाठीं आंखलेल्या मैदानावर चार आसनांचीं डायमंड जातीचीं हलकीं विमानें शिकाऊ मुलांना घेऊन चढूं-उतरूं लागलीं. मार्च २०२२ मध्यें तेथून प्रवासी विमानेंही सुरू झालीं. हलक्या विमानास युद्धकालीन मुख्य पट्टीच्या निम्म्याहून कमी लांबी पुरते. म्हणून असलीं जुनीं मैदानें उड्डाणशिक्षणास सोयीचीं पडतात. जगांत अन्यत्रही हेंच झालें आहे. इंग्लंडांत युद्धकाळीं बांधलेल्या कित्येक मैदानांवर आज उड्डाणमंडळें व ग्लायडरमंडळें नांदत आहेत.

नेवाळीस यांपैकीं कोणतीच गती लाभली नाहीं. येथें नागरी विमानतळ करावा, अशी मागणी वेळोवेळीं झाली. परंतु पनवेल-उलवे बाजूस नवी मुंबईचा विमानतळ ता. ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं उद्घाटन होऊन उभा राहिला, आणि या मागणीचा जोर साहजिकच ओसरण्यासारखा झाला. नेवाळीचें मैदान कागदावर संरक्षण खात्याकडे, नौदलाच्या ताब्यांत राहिलें. आणि प्रत्यक्षांत त्याचा बराच भाग भाताखालीं राहिला. ज्या जागेस कागदावर एक धनी व बांधावर दुसरा, तेथें उड्डाणमंडळ काय किंवा दुसरा कोणता उद्योग काय, मूळ धरणें कठीणच.

नौदलानें क्षेत्राभोंवतीं भिंत घालण्यास प्रारंभ केला, तेव्हां हा दुहेरीपणा उघडा पडला. २०१७ चा जून महिना, मृग सरून आर्द्रा लागण्याची वेळ, पेरणीचे दिवस. शेतकऱ्यानें शेतांत उतरावें त्याच दिवसांत भिंतीनें त्याची वाट अडली. ता. २२ रोजीं ठिकठिकाणीं रस्ते रोखण्यांत आले, पोलिसांच्या गाड्या जाळण्यांत आल्या, पोलिसांनीं छर्ऱ्यांच्या बंदुका वापरल्या, आणि दोन्हीं बाजूंचीं माणसें रुग्णालयांत गेलीं. शेतकऱ्यांचें म्हणणें, जमीन युद्धापुरती नेली होती, युद्ध संपल्यावर ती परत मिळावयास हवी होती. नौदलाचें म्हणणें, जमीन रीतसर घेतलेली असून ती संरक्षण खात्याची आहे.

५. अधिग्रहण आणि संपादन

येथें शब्दांचा घोटाळा प्रथम दूर केला पाहिजे. वर्तमानपत्रांत ‘अधिग्रहण’ व ‘संपादन’ हे शब्द एकाच अर्थानें छापले जातात. कायद्यांत ते एक नाहींत. अधिग्रहणांत सरकार वस्तूचा उपयोग घेतें. मालकी मूळ धन्याकडेच राहते व त्यास वापराचा मोबदला मिळतो. संपादनांत मालकीच सरकारकडे जाते व धन्यास किंमत मिळते. पहिल्यांत भोग जातो, दुसऱ्यांत स्वत्व जातें.

युद्धकाळीं हीं दोन्हीं दारें सरकारपुढें उघडीं होतीं. एक दार १८९४ च्या भूसंपादन कायद्याचें. त्यांत चौथ्या कलमाखालीं प्राथमिक अधिसूचना, सहाव्याखालीं जाहीरनामा, नवव्याखालीं हितसंबंधी मनुष्यांस नोटीस, अकराव्याखालीं निवाडा, आणि सोळाव्याखालीं कबजा, अशी पायरी-पायरीची रीत आहे. दुसरें दार हिंदुस्थान संरक्षण कायदा, १९३९, व त्याखालील नियमांचें. त्यांतील ७५-अ या नियमानें सरकारास जमीन तत्काळ अधिग्रहण करतां येत असे. तोच नियम पुढें असेंही सांगतो कीं अधिग्रहण केलेली जमीन सरकारास संपादनही करतां येईल. परंतु त्यासाठीं मालकास किंवा सरकारी राजपत्रांत स्वतंत्र नोटीस दिली पाहिजे. संशोधकानें ही दुसरी नोटीस ध्यानांत ठेवावी. ती निघाली असेल तर पहिल्या अधिग्रहणाचें रूपांतर मालकींत होतें. ती निघाली नसेल तर पहिलें अधिग्रहण हें अधिग्रहणच राहतें.

युद्धानंतर ता. ३० सप्टेंबर १९४६ रोजीं संरक्षण कायद्याची मुदत संपली. अधिग्रहण केलेल्या जमिनी एकदम सोडाव्या लागूं नयेत म्हणून प्रथम वटहुकूम व नंतर १९४७ चा सतरावा कायदा करण्यांत आला. त्यापुढें १९५२ चा स्थावर मालमत्तेच्या अधिग्रहणाचा व संपादनाचा कायदा आला. १९७० मध्यें त्यांत दुरुस्ती होऊन अधिग्रहणास कमाल मुदत घालण्यांत आली. ती मुदत वाढवीत वाढवीत १९८७ पर्यंत नेण्यांत आली. म्हणजे ‘युद्धापुरतें’ या शब्दांचा अर्थ कायद्याच्या भाषेंत चाळीस वर्षें लांबत गेला, परंतु तो ‘आचंद्रार्क’ कधींच झाला नाहीं. आचंद्रार्कासाठीं संपादनाचाच कागद हवा.

६. स्मृतिकारांचा विचार

हा भेद पाश्चात्य कायद्यानेंच प्रथम शिकविला असें नाहीं. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत आगम व भोग यांचें तारतम्य सांगितलें आहे. आगम म्हणजे वस्तु आपली होण्याचें कारण, क्रय, दान, वारसा इत्यादि. भोग म्हणजे प्रत्यक्ष उपभोग. सामान्य नियम असा कीं आगम हा भोगापेक्षां बलवान. मात्र पूर्वजांपासून क्रमानें चालत आलेल्या भोगास अपवाद आहे. तसेंच, धनी डोळ्यांनीं पाहत असून कांहीं बोलत नसेल, तर दुसऱ्याच्या वीस वर्षांच्या भोगानें भूमीच्या बाबतींत त्याची हानि होते, असेंही तेथें म्हटलें आहे.

आपल्या प्रकरणास महत्त्वाचें आहे तें त्यापुढील अपवादांचें वचन. कांहीं वस्तु अशा सांगितल्या आहेत कीं त्या दुसऱ्यानें कितीही काळ भोगल्या तरी धन्याचा हक्क जात नाहीं. या यादींत ‘आधि’, म्हणजे गहाण ठेवलेली वस्तु, आहे. आणि त्याच यादींत राजाचें धनही आहे. हे दोन शब्द एकत्र वाचले म्हणजे नेवाळीचा प्रश्न अगदीं स्वच्छ होतो. जमीन जर आधीसारखी, म्हणजे कामापुरती नेलेली असेल, तर सरकारनें ती ऐंशी वर्षें आपली म्हटली तरी केवळ तेवढ्यानें ती सरकारची होत नाहीं. जमीन जर रीतसर राजधन झालेली असेल, तर शेतकऱ्यानें तींत ऐंशी पिकें काढलीं तरी केवळ तेवढ्यानें ती शेतकऱ्याची होत नाहीं. दोन्हीं पक्ष आज आपापल्या भोगाकडे बोट दाखवितात. एक भिंतीकडे, दुसरा भाताकडे. स्मृतिकाराच्या दृष्टीनें दोघांचाही तो पुरावा दुय्यम आहे, आणि विचार आगमापाशीं येऊन थांबतो.

याज्ञवल्क्यावरील मिताक्षरा टीका ज्या कल्याणांत झाली तें कल्याण चालुक्यांचें, कर्नाटकांतील. नांवाच्या सारखेपणानें फसूं नये. परंतु त्याच स्मृतीवरील अपरार्क ही टीका उत्तर कोंकणच्या शिलाहार अपरादित्याच्या नांवें प्रसिद्ध असून पुण्याच्या आनंदाश्रमानें ती छापली आहे. ज्या घराण्याच्या मम्वाणीचा लेख अंबरनाथास आहे, त्याच घराण्याचा हा राजा. आगम व भोग यांचा खल ज्या राजाच्या नांवावरील ग्रंथांत आहे, त्याच्याच मुलुखांत हा वाद उभा राहावा, हा योगायोग लक्ष्यांत ठेवण्यासारखा आहे.

७. कोणता कागद शोधावा

मोडी वाचतां येते एवढ्यावरून या बाजूच्या एका शेतकरी कुटुंबानें प्रस्तुत लेखकाकडे एकदां एक रुमाल आणून दिला. त्यांत जमिनीचे जुने मोडी कागद व साऱ्याच्या पावत्या होत्या. १९४२ चा एकही कागद नव्हता. घरांतील वृद्ध गृहस्थ म्हणाले, “गुरुजी, जमीन विकत घेतली का नुसती वापरायला नेली, तेवढंच सांगा.” रुमालांतील कागदांवरून त्यांच्या आजोबांचा हक्क दिसत होता, त्यांच्या प्रश्नाचें उत्तर त्यांत नव्हतें. शिकलेल्या माणसानें रुमाल पुन्हां बांधून परत द्यावा आणि म्हाताऱ्यानें तो मुकाट्यानें कांखेंत धरावा, हा प्रसंग मनास लागून राहिला. प्रस्तुत लेखाचें निमित्त तेंच.

म्हणून संग्राहकांसाठीं कांहीं खुणा देतों. पहिली खूण रकमेची. पावती दर सालची व भाड्याच्या किंवा पिकाच्या नुकसानीच्या स्वरूपाची असेल, तर ती अधिग्रहणाकडे बोट दाखविते. एकरकमी असून तिच्यावर निवाड्याचा क्रमांक असेल, तर संपादनाकडे. दुसरी खूण कलमाची. नोटिशीच्या माथ्यावर १८९४ चा कायदा आहे कीं संरक्षण नियम ७५-अ आहे, हें पाहावें. आणि ७५-अ असल्यास ती पहिली नोटीस कीं दुसरी, हेंही पाहावें. तिसरी खूण गांवच्या दप्तराची. फेरफाराच्या नोंदवहींत सरकारचें नांव कोणत्या तारखेस, कोणत्या हुकुमान्वयें आणि कोणत्या रकान्यांत चढलें, हें मूळ नोंदींतच वाचावें. कब्जेदाराच्या रकान्यांतील नांव व इतर हक्कांच्या रकान्यांतील नांव यांत फार अंतर आहे. नंतरच्या सातबाऱ्याच्या नकलेवर विसंबूं नये. नक्कल करणाराच्या हातून रकाना बदलतो, जसा दगडावरच्या नवाचा वाचकाच्या हातून सात झाला होता.

कागद मिळण्याचीं स्थळें तीं हींच: ठाण्याचें जिल्हाधिकाऱ्यांचें व भूमि-अभिलेखाचें दप्तर, मुंबईचें पुराभिलेख-दप्तर, त्या वर्षांचीं मुंबई सरकारचीं व मध्यवर्ती सरकारचीं राजपत्रें, दिल्लीचें राष्ट्रीय अभिलेखागार, आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींतील इंडिया ऑफिसचे कागद. परंतु सरकारी दप्तरापेक्षांही घाईचें काम घरोघरच्या पेट्यांचें आहे. ज्यांनीं १९४२ मध्यें नोटिशीवर अंगठा उठविला त्यांची पिढी गेली. त्यांचीं मुलेंही आतां थकलीं. कौलारू घरें पाडून तेथें इमारती उठत आहेत, आणि पेटी फुटली कीं तींतील न वाचतां येणारा कागद आधीं चुलीखालीं जातो. आपल्यापैकीं पुष्कळांनीं पेशवेकालीन एखाद्या पत्रासाठीं कोस-कोस पायपीट केली आहे. त्याच निष्ठेनें नेवाळी व भोंवतालच्या गांवांतून फिरून, मूळ कागद धन्याच्याच हातीं ठेवून, त्याचें छायाचित्र व बिनचूक वाचन करून ठेवावें. दोन्हीं पक्षांस उपयोगी पडणारे कागद सारख्याच दक्षतेनें टिपावेत. सरकारच्या बाजूचा कागद सांपडला म्हणून तो झांकूं नये, व शेतकऱ्याच्या बाजूचा सांपडला म्हणून त्याचा डंका पिटूं नये. निकाल देणें न्यायासनाचें काम आहे. त्यापुढें शुद्ध वाचन ठेवणें मात्र आपल्या हातचें आहे, आणि तें झालें तर त्या वृद्ध गृहस्थांच्या प्रश्नास केव्हांतरी उत्तर देतां येईल.

विस्तारभयास्तव येथें थांबतों.